निळ्याचं जांभळं

कार्डिफ, तिसरा मजला, सकाळचे सव्वासात.
यंत्राला मी आधी कोरं पाणी दाखवते.
शून्य. म्हणजे आज त्याचं डोकं ठिकाणावर आहे.

मग खाटीकखान्यातून आलेला वासराचा पाय.
सांधा उघडला की आत
शिंपल्याच्या पोटासारखी ओली, पांढरी चमक.
तिच्यातून मसुराएवढ्या चकत्या काढायच्या,
लाल पाण्यात ठेवायच्या, उबेत,
आणि रोज थोडं थोडं दुखवायचं.
अठ्ठावीस दिवस.
दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलायचं; जुनं फेकायचं नाही,
चकतीनं जे गमावलं
ते त्यातच आहे.

त्या पाण्यात निळा रंग ओतला
की निळ्याचं जांभळं होतं.
जितकी झीज तितकं जांभळं.
पहिल्या आठवड्यात मला सगळ्या नळ्या सारख्याच दिसतात.
यंत्राला नाही.

माझे वडील, एम्लिन,
अडीच फुटी कोळशाच्या थरात रांगले एकोणतीस वर्षं.
वर, खाणीच्या तोंडाशी, कामगारांचा स्वतःचा तोलारी बसायचा,
मालकाच्या मापात पाप नको म्हणून.
डबा न् डबा वहीत चढायचा.
गुडघ्यांची वही नव्हती.
संपाच्या वर्षी ते म्हणत,
"जन्मभर गुडघ्यांवर होतो, पण टेकले नाहीत."
आई यावर कधी हसली नाही. ती पाव मोजत असे.

एका रविवारी मी नियम मोडला.
दोन नळ्या खिशात घालून ट्रेऑर्कीची बस धरली
आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्यांच्यासमोर,
एक दुसरीत ओतली.
त्यांनी ती खिडकीशी धरली, बराच वेळ,
कोळशाची निळी रेघ कातडीखाली राहून गेलेल्या बोटांत.
"हेच का ते कुरकुरतं?"
मग, "रंग बरा आहे. ग्वेनच्या लग्नात तुझ्या आईचा कोट होता असा."
मग आकडा विचारला.
मी सांगितला. वासराचा आहे, हेही सांगितलं.
"वासराचं तरी कोणी लिहून ठेवतं," म्हणाले,
आणि दुपारच्या झोपेला जिना चढू लागले,
एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकत,
कठडा आधी, मग श्वास, मग डावा.

ते वर पोचेपर्यंत
नळीतलं जांभळं तळाशी बसू लागलं होतं.
हा रंग टिकत नाही.
आकडा लगेच घ्यावा लागतो.