बिजागरी सोळा-ब

राजघराणं सोडलं तर आमच्याकडे सगळ्यांना तू.
डॉक्टरला तू, न्यायाधीशाला तू,
बिजागऱ्यांच्या कारखान्याच्या मालकालाही तूच.
म्हणून ऑर्हुसमध्ये छापलेल्या माहितीपत्रकात
आम्ही अख्ख्या इटलीला तू म्हटलं:
तुझ्या दाराला आमची बिजागरी लाव,
जन्मभर करकरणार नाही.

कुनेओहून एक प्रत परत आली.
सिन्योर जिराउदो, लोखंडी सामानाचं दुकान.
शिसपेन्सिलीनं, मुंगीच्या पायांच्या अक्षरात
प्रत्येक तू खोडून आपण केलेला.
बेचाळीस ठिकाणी.
किमतींना हात लावला नव्हता.

मी गेले.
आमच्या सल्लागारानं बजावलं होतं,
तिकडे वेळेवर कुणी येत नाही, घाई दाखवू नकोस.
दहाची वेळ होती, मी मुद्दाम वीस मिनिटं रेंगाळले.
ते दहापासून दारात, कोटाची सगळी बटणं लावून.
"हा पिएमोन्ते आहे," एवढंच म्हणाले.

मग सतरा नंबरची बिजागरी
दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली,
मेलेली माशी सरकवावी तशी.
नंबर बदलावा.
काय करू?
सोळा.
सोळा आहे आधीच.
मग अठरा.
तीही आहे.
मग ही जन्मलीच नाही असं समजावं.

ऑर्हुसला फोन केला. अभियंते हसले.
सतराची सोळा-ब झाली, साचे तेच, पेटी नवी.
"तू कधीपासून अंधश्रद्धाळू झालीस, टोरा?"
इतकी वर्षं ऐकलेला तो तू
त्या दिवशी कानाला
किंचित घासला.

पुढं मी शिकले, म्हणजे त्यांनी शिकू दिलं:
भाव शेवटी काढायचा, निघताना, दाराशी,
आठवण झाल्यासारखा.
आधी तोरिनोच्या मुलाचं विचारायचं,
आणि मुलाचं विचारल्यावर
उत्तर खरंच ऐकायचं.
(हे सल्लागाराच्या अहवालात नव्हतं.)
ऑगस्टात कुणालाही पत्र पाठवायचं नाही.
एकदा पाठवलं. सप्टेंबरात ते न फोडता
काउंटरवर माझ्यासाठी ठेवलेलं होतं.

तिसऱ्या डिसेंबरात, दुकान बंद करताना,
शटर अर्ध्यावर अडकलं.
दोघांनी लोंबकळून ओढलं.
हात झटकत, माझ्याकडे न बघता म्हणाले,
"मफलर बांध. धुकं आहे."

बांध.
बांधावा नव्हे.

ऑर्डर नेहमीचीच होती, सोळा-ब, दोन खोकी.
मुख्य कार्यालयाला कळवण्यासारखं
काही घडलं नव्हतं.
स्टेशनच्या रस्त्याला दिवे धुक्यात भिजलेले,
आणि मी चालता चालता पुन्हा पुन्हा तपासत होते
आपण काय उत्तर दिलं ते.
"बांधते," म्हणाले होते.
त्यात तू नव्हता, आपण नव्हतं,
नुसती मी होते,
गळ्याशी लोकर धरून.