रिकामं शेत

चौकशीच्या टेबलावर नकाशा पसरलेला,
त्याचा एक कोपरा चहाच्या कपानं दाबलेला.
तांबोळी साहेबांनी पट्टी ठेवली, पेन्सिलीनं रेघ मारली:
"हे पडीक शेत. चारशे वीस मीटर, सपाट.
आणि तुम्ही केळीत शिरलात."
आवाजात राग नव्हता.
अकरा सेकंदांसाठी त्यांनी मला दोन तास दिले.

इंजिन बंद पडलं की आधी काय होतं
ते अहवालात येत नाही.
आधी शांत होतं.
पंखा समोर उभा, खुंटीसारखा,
आणि आपण चक्क घड्याळ बघतो. बारा दहा.
खाली मे महिन्याचा चोपडा तालुका, भाकरीच्या रंगाचा,
केळीचे तेवढे हिरवे तुकडे.
पडीक शेतात ओळीनं पांढरे चौकोन.
मी वाचलं: माणसं.
निहारला म्हटलं, सोड, मी घेते,
आणि डावीकडं वळले.

केळ मऊ असते, असं लोकांना वाटतं.
निहारचा डावा गुडघा आता वाकत नाही.
त्याची आई फोनवर अजून आधी विचारते,
जेवलीस का.

वर्षानं मी तिथं गेले, चालत.
खरं सांगते, विहीर शोधायला गेले होते.
एखादी चारी, विजेची तार, दगडांचा ढीग,
मला सोडवील असं काहीही.
या बांधापासून त्या बांधापर्यंत दोनदा पावलं मोजली.
नव्हतं.
ढेकळंसुद्धा पायाखाली पिठासारखी फुटत होती.

आणि कडेला पुन्हा तेच चौकोन:
जुनी धोतरं, कोपऱ्यांवर दगड,
वर वाळत घातलेले बिबडे.
बायका निंबाखाली. मी त्या दिवसाचं विचारलं.
"ऊन लागनं, मंग आम्ही सावलीमा जायेल व्हतूत,"
सुपडाबाई म्हणाली.
किती वाजता?
"घड्याय कोनकडे शे, माय."

म्हणजे शेत रिकामं होतं.
तांबोळी साहेब बरोबर.
आणि थोडं आधी तिथं सोळा जणी, ओणव्या.
थोडं म्हणजे किती,
हे पट्टीनं मोजता येत नाही,
वरून तर नाहीच.

एक बिबडा तिनं हातावर ठेवला, अर्धा ओला.
तिथंच खाल्ला. तिखट होता.
बाकीचे वर्तमानपत्रात बांधून दिले,
"त्या पोऱ्याले बी देजो."

पुडा अजून माझ्याकडंच आहे.