शिडी

विषय फळ्यावर लिहिला दिघे सरांनी:
'शिखर गाठा'. कागद हाफ इंपीरियल,
मुदत शनिवार, बक्षीस अकराशे.

वर्गातल्या अठ्ठावीस जणांनी
त्याच दुपारी डोंगर काढले.
टोकावर झेंडा, झेंड्यामागे सूर्य,
सूर्याला मोजून बारा किरणं.
मीही काढला. मग हेतलचा पाहिला
आणि माझा खोडला.

बडोद्यात डोंगर आणायचा कुठून?
हवा स्वच्छ असली तर गच्चीवरून
पावागढ दिसतो, तोही
कुणी अंगठ्याने पुसल्यासारखा.
हिमशिखर मी पाहिलंय फक्त कॅलेंडरवर,
दांडिया बाजारातल्या गिरणीत,
पिठाने आणखी पांढरं झालेलं.

गुरुवारी रात्री कागद कोराच.
आई म्हणाली, काहीतरी काढ आणि झोप.
'काहीतरी' तेवढं
मला काढायचं नव्हतं.

शुक्रवारी चित्रकलेच्या हॉलमधली ट्यूब
फडफडायला लागली.
रणछोडकाका शिडी घेऊन आले,
बांबूची, एक पाय आखूड,
त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा.
"पकडी राखजे, बेटा," म्हणाले
आणि वर गेले.

मी धरली.
वर बघितलं की डोळ्यांत धूळ पडायची,
म्हणून आपलेच हात बघत राहिले:
बोटांची टोकं पांढरी पडलेली, नखांत निळा रंग,
आणि बांबूतून खाली उतरणारं
एका माणसाचं वजन,
दर पायरीला थोडं थरथरत.

तेच काढलं.
तळाशी दोन हात,
आणि शिडीचे दोन बांबू
वरच्या कडेतून निघून गेलेले.
पांढरा संपला होता, नखांना टूथपेस्ट लावली.

परीक्षक बाई चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
"चढणारा कुठाय?"
"वर."
"वर म्हणजे?"
"कागदाच्या वर."
त्यांनी खरंच मान वर केली.
तिथे नवी ट्यूब
अजिबात न फडफडता उजेड देत होती.

बक्षीस बारा किरणांना गेलं.
माझं पोस्टर सोमवारी परत आलं,
पाठीमागे पेन्सिलीने: 'घोषवाक्य नाही'.

काकांनी ते हातात घेतलं, लांब धरलं,
जवळ आणलं.
"अंगठा चुकलाय," म्हणाले.
"आतून हवा. असा धरलास
तर मी पडेन."

बांबूच्या रंगाने मी तो अंगठा झाकला,
वाळू दिला,
आणि पुन्हा काढला, आतून.