धुवायचे नाही

म्हाळुंग्याच्या चढावर, पंक्चरवाल्याला लागून आमचं दुकान.
स्पर्धेचे बारा दिवस सहा देशांचे कपडे आमच्याकडे आले,
रात्री साडेदहा-अकराला, नायलॉनच्या गोण्यांतून,
सुयशच्या टेम्पोत, सकाळच्या कांद्याच्या वासासकट.

पहिल्याच रात्री मी भिंतीवर खडूने लिहिलं:
देश वेगवेगळे भिजवायचे.
राजकारण नाही. मालदीवचा लाल रंग सुटतो.

सामना मी एकही पाहिला नाही.
दिवे दिसायचे. बालेवाडीकडचं आभाळ
पातेल्यात दूध चढावं तसं चढलेलं,
आणि मधूनच एक आवाज फुटायचा.
आम्ही मशीन थांबवून ऐकायचो, कुणाचा?
कळायचं नाही.
मग गोणी यायची, आणि मी वाचायला बसायची.

नेपाळची सहा नंबर डाव्या अंगावर पडते.
चड्डीवर डावीकडेच हिरवा पट्टा,
लिंबू-मीठ चोळलं तरी रेंगाळणारा.
बांगलादेशची गोलकीपर कोपरांवर जगते.
श्रीलंकेची अकरा बाहीला नाक पुसते,
लहान असणार.
आपल्या तीन नंबरच्या कॉलरवर दातांच्या खुणा.
काय झालं गं त्या दिवशी?

एका मोज्यावर रक्त होतं.
नव्या पोरीने गरम पाण्याचा नळ सोडला, मी ओरडले.
रक्ताला ऊन पाणी दाखवू नये, ते घर करतं.
सासूने एवढं एक शिकवलं मला,
बाकी सगळं मशीनच्या पुस्तकात आहे.

भूतानच्या गोणीत एक नाणं निघालं, गाठीसारखं चित्र असलेलं.
पुडी बांधून परत पाठवलं.

आणि भूतानची चौदा रोज कोरी.
गवत नाही, माती नाही, माझ्याच इस्त्रीची घडी
जशी दिली तशी छातीवर.
पण काखा भिजलेल्या.
बाकावर बसून एवढा घाम कसा येतो
हे मला कुणी समजावू नये.
लेकीच्या दहावीच्या निकालाला
मी खुर्चीतून न उठता ब्लाऊज भिजवलाय.

शेवटून दुसऱ्या रात्री नग जुळेनात.
म्हणजे आकडा जुळला, कपडे जुळेनात.
भूतानच्या केशरी ढिगात एक हिरवी जर्सी,
बांगलादेशची नऊ, मातीने थापलेली,
खांद्याला सेफ्टी पिनने चिठ्ठी.
सुयशने चिठ्ठी उजेडात धरली, इंग्रजी जुळवून वाचली:
धुवायचे नाही.

मग पलीकडची गोणी मी घाईने उपसली.
तळाशी चौदा.
केशरी. चिठ्ठी नसलेली.

पाठ कोरी. बाह्या कोऱ्या. गवत कुठेच नाही.
छातीवर तेवढी माती,
पडल्यावर लागते तशी ओरखड्यांची नाही,
पसरट, दाबलेली,
दुसऱ्या कुणाच्या अंगावरून आलेली.
उलट्या हाताने घासत गेले तर
एक आकडाही उमटला होता अर्धवट,
किंवा मला तसं वाटलं,
रात्रीचा दीड वाजला होता.

"ही टाकू का?" सुयश म्हणाला, टबचं झाकण उघडून.
चिठ्ठी तर नव्हती.
गिऱ्हाइकाने सांगितलं नाही तर धुवायचं,
हा धंदा आहे.

मी पावतीपुस्तक ओढलं.
नग दोन, न धुता, विनाशुल्क.
"साठ रुपये गेले," तो म्हणाला.
"गेले," मी म्हणाले,
आणि दोन्ही जर्स्या घडी न घालता
वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वेगवेगळ्या.

पहाटे बाहेर काढलेली तार दवाने ओली होती.
आत मशीन मालदीवचं पाणी लाल करत फिरत होतं.
कुठल्या देशाने काय जिंकलं ते पेपरात आलं असेल.
मी तो पेपर कपडे गुंडाळायला वापरला.