उसना शुक्रवार

पंचांगात तिथीचा क्षय होतो,
वाराचा होत नाही.
सोमवारामागून मंगळवार,
एवढा तरी भरवसा माणसाला लागतोच.

पण दोन हजार अकराच्या डिसेंबरात
सामोआमधली माणसं गुरुवारी रात्री झोपली
आणि उठली ती शनिवारी.
चोरीबिरी नव्हती. सरकारनंच ठरवून
वारांची रेघ बेटांच्या पलीकडे सरकवली,
ऑस्ट्रेलियाशी व्यापाराचे दिवस जुळावेत म्हणून.
बेटाचं नाव सवाई,
आठवडा मात्र मिळाला उणा.

त्या बेटाच्या पश्चिम टोकाला
बिनभिंतींच्या घरात, चटईवर,
म्हातारा तुइफा पडून होता.
छातीत घरघर.
नर्स फेतुई बाहेर येऊन हळूच म्हणाली,
"शुक्रवार काही काढायचे नाहीत."
मुलानं, लेमानानं, अंगणातच खड्डा धरला.
तिथं माणसं घरासमोर पुरतात,
जेवायला बसताना हाक ऐकू जाईल
इतक्या जवळ.

शनिवारी उजाडलं.
चर्चबाहेर टांगलेला रिकामा सिलिंडर
कुणीतरी हातोडीनं बडवला, तीच घंटा,
आणि तुइफानं डोळे उघडून कोको मागितला.
दाट. साखर जास्त.

गाव हसलं.
मरण दारापर्यंत आलं म्हणे,
आणि वार विचारत बसलं.

तुइफा हसला नाही.
त्याला आजोबा आठवत होते, अठराशे ब्याण्णवचे,
तेव्हा रेघ उलटी सरकली होती
आणि जुलैची चार तारीख लागोपाठ दोनदा आली होती.
पहिल्या सोमवारी आजोबा भावाशी भांडले,
होडीवरून,
दुसऱ्या सोमवारी जाऊन मिटवून आले.
असा जादा दिवस प्रत्येकाला मिळावा,
मरेपर्यंत सांगत राहिले.
"मिळाला कुठला," तुइफा कपाशी बोलला,
"उसना आणलेला. आता फिटला."

संध्याकाळी फोन वाजला.
पागो पागोहून. रेघेपलीकडून,
जिथं अजून वार बदलला नव्हता.
बहीण सिएनी तिथं असायची,
ट्यूनाच्या कारखान्यात तीस वर्षं,
बोटांना लिंबू चोळचोळून
लिंबाचाही वास माशासारखा झालेली.
भाची म्हणाली, आई गेली.
कधी?
आज. दुपारी. जेवून उठली आणि.
आज म्हणजे?
शुक्रवार, मामा.

तुइफानं फोन कानाला तसाच धरला.
कोंबड्या झाडावर चढेपर्यंत.
मग म्हणाला,
"म्हणजे तिकडे गेला होता तो."

न उगवलेल्या शुक्रवाराचाही पगार द्यावा,
असा हुकूम निघाला होता.
त्या पैशात थोडी भर घालून
लेमानानं बोटीची दोन तिकिटं काढली.

सोमवारी रात्री बोट सुटली.
रात्रभर पाणी, इंजिन, कुणाचं तरी रडकं पोर.
पोचली तेव्हा
तिथं सोमवारचीच सकाळ होती.

तुइफा उतरेना.
कठडा धरून खलाशाला म्हणाला,
"पुढं कुठं जाते ही?
आणखी पूर्वेला?"
खलाशी दोर गुंडाळत होता. जात नाही म्हणाला.
"एक रेघ ओलांडली की एक वार मागं.
अशा अजून तीन लागतील मला,
तीनच."
लेमाना दुसरीकडे बघू लागला.
खलाशानं दोर खाली ठेवला.
"रेघ एकच आहे, आजोबा."

परतताना एक वार पुन्हा गेला.
तो काही त्यानं मोजला नाही.

अंगणातला खड्डा अजून तसाच, अर्धा.
कोंबड्या त्यात धूळ उडवत लोळतात.
बुजवू का, लेमाना दर पावसाआधी विचारतो.
तुइफा कोको ढवळत राहतो,
आणि कपाच्या तळाशी
थोडा ठेवतो.