जिन्याखाली, गॅसच्या मीटरशेजारी

जिथे बूट, मोडकी छत्री
आणि दिवाळीनंतर न उघडलेलं इस्त्रीचं टेबल,
तिथे फळीवर ठेवलंय ते.
जेवणाच्या डब्याएवढं.
बंद पडलेल्या एका दातांच्या दवाखान्यातून
चाळीस पौंडांना आणलेलं.
पंखा नाही. पाठीवर नुसत्या पन्हळी,
त्यांतून ऊब आपली आपण निघून जाते.

दोन वायरी. एकीत जग, दुसरीत आम्ही.

पहिल्या रात्री झोप आली नाही.
मी इचलकरंजीचा. आमच्याकडे
खडखडाट थांबला की माणसं दचकून उठतात:
लाईट गेली? धागा तुटला? कुणाचा हात?
म्हणून हडर्सफील्डच्या या गार घरात
रात्री दोनला खाली उतरून
मी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला,
पोराचा ताप बघावा तसा.
कोमट होतं. म्हणजे चालू होतं.

शेजारचे ओल्डरॉइड बघायला आले.
बत्तीस वर्षं लोकरीच्या गिरणीत,
डावा कान तिथेच राहिला.
हे काय करतं?
दार राखतं.
आवाज?
नाही.
त्यांनीही मग तळवाच ठेवला, बराच वेळ.
ठीक आहे म्हणाले,
आणि चहात आणखी एक चमचा साखर मागितली.

नोंदी उघडल्या की कळतं
रात्रभर किती जण येऊन जातात.
एका दारावर टकटक, मग पुढच्या,
मग त्याच्याही पुढच्या.
नाव कुणाचंच नाही, नुसते आकडे.
नियम सोपा आहे:
आतून ज्याला हाक गेली, त्याचीच ओ आत येईल.
बाकीच्यांना नकार.
आणि नकाराच्या दोन रीती असतात.
एक, नाही म्हणून सांगायचं.
दुसरी, काहीच सांगायचं नाही,
समोरच्याला कळूच नये
इथे घर आहे की मोकळं रान.
जाणकार दुसरी निवडतात.
मीही निवडली.

मग एका शनिवारी देशांची यादी सापडली,
प्रत्येकापुढे एक चौकोन.
टकटक जिथून जास्त, तिथे खूण.
टीव्ही बघता बघता शेंगा सोलाव्यात
तशा मी खुणा करत गेलो.

बुधवारी दादाच्या शेडचा कॅमेरा दिसेना.
रोज सकाळी चहाबरोबर मी तो बघतो:
सोळा माग, कांड्यांची टोपली,
झाडू मारता मारता कॅमेऱ्याकडे बघून हसणारा सिद्राम.
नुसतं काळं.
मी फोन लावला. तुमच्याकडची लाईट गेली असणार.
दादा म्हणाला, लाईट आहे.
मग तुझा राऊटर बंद करून चालू कर.
त्याने केला. तीनदा केला.
मग काही न बोलता
त्याने फोन मागाजवळ धरला.

स्वयंपाकघर भरून गेलं.
टेबलावरचा चमचा हलला असं वाटलं, हलला नसणार.

मी जिन्याखाली गेलो. यादी काढली.
आइसलँडच्या लगेच खाली.
खूण माझीच होती.

दादाने दोनदा अर्ज केला होता इकडे यायचा.
दोन्ही वेळा आठवड्यांमागून आठवडे काहीच नाही,
मग पासपोर्ट परत, कोरा.
तेव्हा मी इथल्या साहेबांना
काय काय बोललो होतो ते आठवलं.
उगाच फळी पुसली.

खूण काढली नाही. खरं सांगतो.
टकटक करणारे तिथलेही आहेतच.
वर एक ओळ लिहिली फक्त:
या एका पत्त्याला वाट.
ओळी वरून खाली वाचल्या जातात,
आधी जुळेल ती लागू.
म्हणून दादा सगळ्यांत वर.

कॅमेरा लागला. सिद्राम वाकून काहीतरी शोधत होता.
दादाचा फोन आला, काय झालं होतं रे?
वायर सैल होती, मी म्हणालो.

तो म्हणाला, तुमच्याकडंबी होतं व्हय तसं.