तळघर आधी

इल्दा मेदेइरोश घर बघते ते तळघरापासून.
बाकीचे अकराजण वर स्वयंपाकघरात
नव्या ओट्यावरून हात फिरवत असतात,
ती खाली, गुडघ्यांवर,
भिंतीला नाक लावून.
"ओल लपत नाही. रंग ताजा असेल
तर जास्तच घाबर."

हॅमिल्टनमध्ये या मार्चात घर घेणं म्हणजे लिलावच.
आकडा घरून लिहून आण, ती म्हणते,
पेनानं.
आणि भाडं बारा महिन्यांचं धरू नकोस,
अकरा धर.
बारावा महिना भट्टी खाते, नाहीतर छप्पर.

सतरा हजारांनी हरलो.
मी गाडीत गप्प,
ती सँडविचचा कागद सोडवत:
"हातचं गेलेलं घर हप्ता मागत नाही, पोरी."

तिच्या माडीवर नऊ वर्षं ट्रेव्हर राहतो. बस चालवतो.
भाडं बाजारापेक्षा दीडशे डॉलरनं कमी.
मी लगेच गुणाकार करायला लागले.
"कर की. पण त्यात हेही मांड:
मी जानेवारीत साओ मिगेलला असते
तेव्हा पायऱ्यांवरचा बर्फ कोण उपसतं?
पाइप गोठला तर रात्री दोनला कोण उठतं?"

वर पावलं वाजली. जड. उशिरा.
तिनं चमचा थांबवला.
"चालण्यावरून कळतं मला,
कामावर काहीतरी बिनसलंय.
मग एक तारखेला मी दार ठोठावत नाही.
पाचला जाते.
सूप घेऊन.

भाडं मात्र घेते."